राहिलेल्या जागेवरची रेघ

"थांबा जरा, हात गार आहेत."

कुठल्याही नव्या माणसाशी डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच असे. नमस्कार नाही, नावगाव नाही. कोट खुंटीला अडकवायचा, शर्टाच्या बाह्यांना दोन घड्या घालायच्या, आणि आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीतल्या ऊब देणाऱ्या रेडिएटरवर दोन्ही तळवे टेकून भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. खुर्चीवर बसलेला माणूस बिचारा गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी खुणेनेच सांगायची, थांबा, असंच असतं यांचं.

जुलैमध्येसुद्धा हाच विधी. जुलैत रेडिएटर बंद असायचा, मग मी किटलीतलं गरम पाणी मगात ओतून त्यांच्या हातात द्यायची. ते प्यायचे नाहीत. नुसता मग धरून उभे.

"डॉक्टर, बाहेर अठ्ठावीस डिग्री आहे," मी एकदा न राहवून म्हटलं.

"बाहेरचं बाहेर. या माणसाला शेवटचा हात कुणी आणि कसा लावलाय, माहितेय का तुला?"

मी किटली पुन्हा लावली. ऐकून घेणं हा माझा स्वभाव नाही, हे माझ्या घरचे शपथेवर सांगतील.

आमचं ऑफिस लंडनमध्ये, विमानतळाजवळच्या हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर, मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर. विमानं डोक्यावरून इतक्या खालून जातात की फोनवर बोलताना मध्येच थांबावं लागतं. आश्रय मागायला आलेल्या आणि नकार मिळालेल्या माणसांच्या केसेस आम्ही लढवतो. 'आम्ही' म्हणजे आमच्या वकीलबाई. जन्म इथलाच, माहेर पंजाबी, जेवायला कधीच वेळ नसलेल्या. आणि मी. मी वकील नाही. मी बंडलं करते. म्हणजे कोर्टात द्यायचे सगळे कागद गोळा करायचे, क्रमाने लावायचे, प्रत्येक पानावर नंबर घालायचा. पुण्यात शिकलेली मी मुलगी, लग्न होऊन वॉटफर्डला आले, आणि गेली अठरा वर्षं लोकांच्या दुःखांवर पान नंबर घालते. या कामाची एक खोड लागते. आधी नंबर दिसतो, मग पान. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

डॉक्टर स्टॅनमोरला राहायचे. तुमच्याही ओळखीत असे डॉक्टर असतील. सत्तरच्या दशकात एक सूटकेस घेऊन आलेले, कुणाला नको असलेल्या गावांतल्या कुणाला नको असलेल्या ड्यूट्या करत सर्जन झालेले, मंडळाच्या गणपतीत पहिल्या रांगेत बसणारे, मुलं दोन्ही डॉक्टर. निवृत्त झाल्यावर यांच्या बरोबरीचे लोक ब्रिज खेळू लागले. हे खेळले नाहीत. छळ झालेल्या माणसांच्या अंगावरच्या खुणा तपासून रिपोर्ट कसा लिहायचा याचं त्यांनी ट्रेनिंग घेतलं, आणि एक दिवस ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा फ्रीडम पास दाखवत, दोन ट्यूब गाड्या बदलत आमच्याकडे येऊन बसले. गाडी होती, पण हाउन्सलोच्या पार्किंगवर त्यांचा विश्वास नव्हता.

त्यांच्या बॅगेत एक स्टीलची पट्टी असायची. तीही फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली. का, ते आता तुम्हाला सांगायला नको.

हात गरम झाले की दुसरं वाक्य यायचं. "जेवढं दाखवावंसं वाटेल तेवढंच दाखवा. मी काही ओढून काढणार नाही." दुभाषा ते त्या त्या भाषेत सांगायचा, आणि समोरच्याचे खांदे दोन इंच खाली यायचे. मी दार लावून बाहेर जायची. आत पट्टीने एकेक खूण मोजली जायची. लांबी, रुंदी, रंग, कडा. भाजल्याची वाटते की कापल्याची, आणि माणूस सांगतो तशी ती झाली असेल का. "वाटतं म्हणून लिहू नये, दिसतं म्हणून लिहावं," असं ते मला सांगायचे. मी टाईप केलेल्या रिपोर्टमधला एखादा स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी पेन्सिलने गोल करून परत पाठवायचे.

रिपोर्टला एक चित्र जोडलेलं असतं. माणसाची नुसती बाह्यरेषा, एकदा पुढून, एकदा पाठीमागून. जिथे खूण तिथे डॉक्टर बारीक फुली करायचे, शेजारी नंबर. सगळ्या फुल्या झाल्या की राहिलेल्या कोऱ्या जागेवर एक तिरकी रेघ ओढायचे, पट्टी लावून. मी विचारलं होतं, ही कशाला?

"हॉस्पिटलची सवय. आपल्या कागदावर मोकळी जागा सोडायची नाही. उद्या कुणी तिथे काही लिहिलं तर सही आपली असते." मग पट्टी फ्लॅनेलात गुंडाळत, "चाळीस वर्षांत माझ्यावर एक कम्प्लेंट नाही. एकसुद्धा नाही. आपल्या माणसाला इथे एवढं करावंच लागतं."

हे 'एकसुद्धा नाही' ते इतक्या वेळा म्हणायचे की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, समोर असल्या तर आधीच ओठ हलवून दाखवायच्या. त्यावर आम्ही हसायचो. डॉक्टर हसायचे नाहीत.

मग मास्तर आले.

नाव सांगत नाही. सिंधमधल्या एका खेड्यातले शाळामास्तर, वय चौतीस-पस्तीस, गणित शिकवणारे. त्यांच्या गावात सरकारी शाळा कागदावर होती. इमारतही होती, पण तिच्यात गावच्या जमीनदाराच्या म्हशी बांधलेल्या असत. मुलं झाडाखाली, म्हशी छपराखाली. मास्तरांनी फोटो काढून वर तक्रार केली. तक्रार वरून फिरून जमीनदाराकडेच आली, आणि चार दिवस मास्तर एका पोलीस ठाण्यात होते. ठाण्याच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. चार दिवसांनी भावाने सोडवून आणलं. तक्रार मागे घे नाहीतर पुढच्या वेळी सोडवायला काही उरणार नाही, असा निरोप आल्यावर ते निघाले आणि इथे आले. इथे पहिला नकार मिळाला, कारण ठाण्यात मारहाण झाली याचा पुरावा नव्हता. म्हणून अपिलाआधी डॉक्टर.

डॉक्टरांना कळलं की मास्तर उर्दू बोलतात, आणि त्यांची कळीच खुलली. "दुभाषा नको. मी बोलतो." मुंबईच्या हॉस्टेलात शिकलेलं हिंदी पन्नास वर्षांनी कामाला आलं. डॉक्टर आत शिरले तेव्हा मास्तर उठून उभे राहिले, हात बांधून, वर्गात इन्स्पेक्टर यावा तसे. "बैठिए, बैठिए. आप मास्टर हैं. मेरे पिताजी भी मास्टर थे." झालं. तिथून पुढे साताऱ्याची शाळा, सिंधची शाळा, छडी, पाढे, आंबे. पहिल्या दहा मिनिटांत मास्तर 'डॉक्टर साहब'वरून 'चाचा'वर आले होते. काकूंनी मला म्हणून दिलेला चिवडा डॉक्टरांनी परस्पर मास्तरांपुढे ठेवला.

त्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. अठरा वर्षांत त्या खोलीतून हसू मी फार थोड्या वेळा ऐकलंय. मी इकडे पानांवर नंबर घालत होते आणि मला फार बरं वाटलं. 

नंतर मास्तरांनी शर्ट काढला. दोन्ही मनगटांवर खुणा, उजव्या खांद्यावर एक, डाव्या कानामागे एक. "और कुछ?" डॉक्टरांनी विचारलं. "बस, चाचा. इतना ही." डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ओढून काढायचं नाही, हा त्यांचा नियम. चार फुल्या झाल्या. बाकीच्या कोऱ्या अंगावर पट्टी लावून रेघ ओढली गेली.

तो रिपोर्ट माझ्याकडे आला. चित्राचं पान बंडलमध्ये एक्केचाळिसावं. मास्तरांनी आपल्या जबानीत सांगितलं होतं की त्यांना पालथं पाडून चामड्याच्या जाड पट्ट्याने चार दिवस मारलं. जबानी पान बारा. पान बारावर मार कमरेखालचा, आणि पान एक्केचाळीसवर कमरेखाली सगळी रेघ. दोन्ही पानांवर नंबर मी घातले, माझ्या हाताने, एका दुपारी. मला काहीही दिसलं नाही. रेघ सरळ आहे एवढं दिसलं.

न्यायाधीशांना दिसलं. अपिलाच्या निकालात त्यांनी लिहिलं की अर्जदार सांगतो तसा मार बसला असता तर खुणा राहिल्या असत्या. अर्जदाराच्याच अनुभवी डॉक्टरांनी पूर्ण शरीराचा नकाशा काढला आहे आणि त्या भागात काही नाही अशी नोंद केली आहे. चार बारीक खुणा शेतकामातही होऊ शकतात. अर्जदार विश्वासार्ह नाही. अपील फेटाळलं.

वकीलबाईंनी मास्तरांना सरळ विचारलं. मास्तरांनी जमिनीकडे बघत सांगितलं की खुणा आहेत. बाईंनी त्यांना दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये पाठवलं. तिथली डॉक्टर तरुण, गोरी, घाईत. तिने हात गरम केले नाहीत, आंब्यांची चौकशी केली नाही, पडदा ओढला आणि म्हणाली, सगळे कपडे काढा. मास्तरांनी काढले. कमरेखाली, मांड्यांच्या मागच्या बाजूला, रुंद पट्ट्यांच्या जुन्या काळ्या खुणा, एकावर एक. तिने अकरा मोजल्या.

मी मास्तरांना विचारलं, "भाई, इथे का नाही दाखवल्या?"

ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच काही अचकटविचकट बोलले. "चाचा के सामने पतलून उतारता, बहनजी? वो तो मेरे बाप की जगह हैं."

आता तुम्हीच सांगा, यात चूक कुणाची काढायची? परक्या बाईसमोर माणूस नागवा होऊ शकतो, कारण ती परकी असते. डॉक्टरांनी दहा मिनिटांत त्याला घरचा करून टाकला होता. घरच्यांना अशा जागा दाखवत नाहीत.

नव्या रिपोर्टसह पुन्हा अर्ज करायचा ठरला. त्याला डॉक्टरांचं पत्र जोडायला हवं होतं, की पहिल्या तपासणीत कमरेखाली पाहिलंच नव्हतं, रेघ नुसती सवयीची. डॉक्टर आले. वकीलबाईंनी सगळं सांगितलं. ते बराच वेळ बॅगेच्या बंदाशी खेळत बसले. मग म्हणाले, लिहितो. बाई कोर्टात निघून गेल्या. त्यांनी मजकूर सांगितला, मी टाईप करत गेले.

"तपासणीच्या वेळी अर्जदाराने दाखवलेल्या भागांची पाहणी माझ्या नेहमीच्या पद्धतीनुसार करण्यात आली. आकृतीवरील रेघ ही नोंद पूर्ण झाल्याची खूण आहे." इंग्रजीत हे फारच भारदस्त वाटत होतं.

मी टाईप करायचं थांबवलं. "डॉक्टर, सरळ लिहा ना. मी बघितलं नाही."

"तेच लिहिलंय."

"नाही लिहिलं."

"अगं, असं वाक्य रेकॉर्डवर द्यायचं नसतं. तुला कळत नाही. रिपोर्टवर 'पूर्ण तपासणी' असं छापलेलं आहे आणि खाली माझी सही. उद्या मेडिकल कौन्सिलकडे गेलं तर? गोऱ्याची चूक ही चूक असते. आपली चूक झाली की ते म्हणतात, बघा, हे लोक असेच." त्यांचा आवाज चढला नव्हता. कान मात्र लाल झाले होते. "चाळीस वर्षांत एकसुद्धा..."

पुढचं त्यांनी म्हटलं नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. मोठा माणूस, वडिलांच्या वयाचा, कसं म्हणायचं? मीही मास्तरांसारखीच निघाले. पत्रावर सही झाली. मी त्याला नंबर घातला.

सहा महिन्यांनी गृहखात्याचा नकार आला. त्यातला एक परिच्छेद मला पाठ आहे. डॉक्टर आपल्या पत्रात कुठेही असं म्हणत नाहीत की त्यांनी तो भाग पाहिला नव्हता. उलट नेहमीच्या पद्धतीने पाहणी केल्याचं ते सांगतात. म्हणून नव्या खुणा पहिल्या तपासणीनंतर झालेल्या असू शकतात. अर्थ असा, की मास्तरांनी इथे येऊन कुणाकडून तरी स्वतःला मारून घेतलं असावं.

डॉक्टरांनी ते उभ्यानेच वाचलं, रेडिएटरपाशी. जानेवारी होता, रेडिएटर तापलेला होता. हात त्यांनी खिशातच ठेवले.

"याला उत्तर द्यायचं कुठे?" त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायची एकच जागा उरली होती, ज्युडिशियल रिव्ह्यू. आम्ही नुसतं जेआर म्हणतो. डॉक्टर दुसऱ्या दिवशीच परत आले, दोन ट्यूब बदलून, एक कागद घेऊन. स्वतःच्या अक्षरात, टाईपसुद्धा न करता, इंग्रजीत तीन ओळी. मी या माणसाला कमरेखाली तपासलं नाही. न तपासलेल्या जागेवर मी रेघ ओढली. चूक माझी आहे.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"अंकल, दिस इज परफेक्ट," त्या म्हणाल्या. "मला हे सहा महिन्यांपूर्वी हवं होतं."

मग त्यांनी समजावलं. मास्तरांना मारलं की नाही, हे जेआरमध्ये न्यायाधीश बघतच नाहीत. खात्याने निर्णय घेतला त्या दिवशी त्याच्या टेबलावर जे कागद होते, त्यांवरून असा निर्णय घेणं कायद्यात बसतं का, एवढंच बघतात. त्या दिवशी टेबलावर डॉक्टरांचं पहिलं पत्र होतं. हे नव्हतं.

"पण हे खरं आहे," डॉक्टर म्हणाले.

"आय नो, अंकल."

"पहिलं नुसतं... सभ्य होतं."

बाईंनी चष्मा परत घातला. तेवढ्यात विमान गेलं; ते जाईपर्यंत कुणाला बोलता आलं नसतं.

जेआर चालवायला आधी कोर्टाची परवानगी लागते; ती नुसत्या कागदांवरून नाकारली गेली. तोंडी सुनावणी मागितली. ती मध्य लंडनमध्ये, अर्ध्या तासाची. डॉक्टर आले ते निवृत्तीच्या समारंभाला शिवलेला सूट घालून, हातात बॅग, बॅगेत मूळ टिपणं आणि पट्टीसुद्धा. मास्तर कुणाचं तरी जाकीट घालून आले होते, बाह्या बोटांपर्यंत. दोघं मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसले. मी पलीकडे.

"मला कधी बोलावतील?" डॉक्टरांनी माझ्या कानात विचारलं.

"इथे साक्षीदार बोलावत नाहीत, डॉक्टर. आधी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. पण विचारलं तर?"

आमचे बॅरिस्टर चांगले बोलले. पंधरा मिनिटं, नीट. न्यायाधीशही वाईट नव्हते. थकलेले, सभ्य, पानं जपून उलटणारे. त्यांनी विचारलं, ती आकृती कुठे आहे? पान एक्केचाळीस, बॅरिस्टर म्हणाले. न्यायाधीशांनी पान काढलं आणि उजेडाकडे धरलं. आम्हाला मागून ती रेघ दिसली. माझा नंबरही दिसला.

डॉक्टर उभे राहिले.

"सर," ते इंग्रजीत म्हणाले, "ती रेघ माझी आहे."

 न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. रागाने नाही. "थँक यू. प्लीज सिट डाऊन." डॉक्टर उभेच. त्यांना वाटलं असावं की आता पुढचा प्रश्न येईल. चाळीस वर्षं मृत्यूंच्या चौकशांत साक्षी दिलेला माणूस, प्रश्नाची वाट बघत उभा होता. शिपाईबाई पुढे यायला लागल्या. तेवढ्यात मास्तरांनी त्यांची बाही हलकेच ओढली.

"बैठ जाइए, चाचा."

ते बसले.

निकाल तिथेच सांगितला गेला. या कोर्टाने स्वतः काय ठरवलं असतं हा प्रश्न नाही. त्या वेळच्या कागदांवरून खात्याला असा निर्णय घेण्यास वाव होता. नंतरचं पत्र त्या वेळी नव्हतं. परवानगी नाकारण्यात येत आहे. मी असे निकाल पुष्कळ वाचलेत आणि पुष्कळांवर चिडलेय. यात बोट ठेवायला जागा नव्हती. आमच्याच कागदांवर तो सरळ उभा होता.

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. डॉक्टर बॅग पायाशी ठेवून पायरीवरच थांबले. मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, त्या लांब बाह्यांच्या आत, आणि चोळायला लागले. "आपके हाथ तो बर्फ हो गए," असं काहीतरी म्हणत होते. ज्याला परत पाठवणार होते तो माणूस पाठवणी थांबवू न शकलेल्याची समजूत घालत होता. मी बस बघायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

तीन ओळींचं पत्र आम्ही खात्याकडे पुन्हा वेगळं पाठवलं. उत्तर आलं की डॉक्टरांनी आता आपलं म्हणणं बदललेलं आहे, त्यामुळे त्याला फारसं वजन देता येत नाही. त्याच आठवड्यात मास्तर नेहमीप्रमाणे खात्याच्या कचेरीत हजेरी द्यायला गेले आणि त्यांना आत ठेवून घेतलं. बारा दिवसांनी विमानात बसवलं. वकीलबाई शेवटच्या तासापर्यंत फोनवर होत्या. मला त्या दिवशी प्रत्येक विमान ऐकू येत होतं.

तिथून मास्तरांचे दोन फोन आले. पहिल्यात ते पोचले होते आणि चाचांची तब्येत विचारत होते. दुसऱ्यात ते भावाच्या घरी नव्हते. कुठे आहेत ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरी कुणी तरी चौकशी करून गेलं होतं. त्यानंतर नंबर बंद. भावाचाही. आम्हाला पुढे काही कळलं नाही. या धंद्यात काही न कळणं म्हणजे काय, ते आम्हाला माहीत असतं.

डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिणं थांबवलं. मात्र पुढच्या हिवाळ्यात ते आठवडाभर रोज यायचे. आपले जुने सगळे रिपोर्ट त्यांनी मागितले, मागच्या खोलीत बसून एकेक चित्र काढलं, आणि प्रत्येकावर पिवळी चिठ्ठी लावत गेले. काहींवर 'पाहिलं'. बाकीच्यांवर 'आठवत नाही'. मी संध्याकाळी ती खोली आवरायची. 'आठवत नाही'चा गठ्ठा पहिल्या दिवसापासूनच मोठा होता. शेवटच्या दिवशी ते पेन बंद करून म्हणाले, "कौन्सिलला मीच पत्र लिहिलंय. माझ्यावर कम्प्लेंट करणारा कुणी इथे राहिलेला नाही, म्हणून मीच केली." काही महिन्यांनी कौन्सिलचं उत्तर आलं, कारवाईचं कारण दिसत नाही. काकू सांगत होत्या, ते पत्र वाचून दोन दिवस जेवले नाहीत.

मग ते घरातच जिन्यावर पडले, आणि त्यातून उठले नाहीत. गेले त्याच्या आठवडाभर आधी मी हॉस्पिटलात भेटायला गेले होते. तेच हॉस्पिटल, जिथे ते पंचवीस वर्षं सर्जन होते. वॉर्डात कुणी ओळखणारं नव्हतं. काकू चहा आणायला खाली गेल्या होत्या. एक तरुण डॉक्टर आला, कानावर पेन अडकवलेला, घाईत. त्याने छातीला स्टेथोस्कोप लावला, पोट दाबलं, पाय बघितले आणि निघाला. त्याचे हात गार असावेत, कारण डॉक्टर दचकले होते.

"वेट," डॉक्टर म्हणाले. आवाज उरलेला नव्हता, पण वाक्य स्पष्ट होतं. "टर्न मी ओव्हर. यू हॅव नॉट सीन द बॅक."

तो तरुण म्हणाला, पाठीची काही तक्रार नाही ना, मग उद्या बघू. डॉक्टरांनी ऐकलं नाही. आयुष्यभर कुणाला दुसऱ्यांदा न विचारणारा माणूस आता स्वतःच कुशीवर वळायला लागला. एका हाताने गाऊनची मागची गाठ शोधत होते. मी बाहेर जायला उठले. त्यांनी मराठीत सांगितलं, "राहा. बघू दे त्याला सगळं."

त्याने सिस्टरला बोलावलं आणि बघितलं. माकडहाडापाशी झोपून झोपून झालेली जखम होती, चांगली मोठी. कुणाला माहीत नव्हती. त्याने टॅबलेटवर काही तरी टिपलं, सिस्टरला सूचना दिल्या, सॉरी म्हणाला आणि गेला.

डॉक्टर परत उताणे झाले. दम लागला होता. मी त्यांचा हात हातात घेतला आणि चोळत बसले.

"बघ गं," ते डोळे मिटूनच म्हणाले. "राहिलेल्या जागेवर त्याने रेघ नाही ना मारली?"

आता ते सगळं स्क्रीनवर असतं. तिथे कुणी रेघ मारत नाही, आणि मारली तरी मला दिसली नसती. मी त्या रिकाम्या दाराकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही मारली, डॉक्टर. मी बघितलं."